एचओ की एन

रविवारी दुपारी दीडला आमचा फोन वाजायचा आणि पानावर बसलेले हे तसेच उठायचे. उजवा हात उष्टा, डाव्या हातात रिसीव्हर, आणि पहिला प्रश्न ठरलेला.

"वळणाची त्रिज्या विचारलीस का गं?"

पलीकडे जर्मनीत आमची चारुता. पाच वर्षं बापलेकीत अवाक्षर नव्हतं. आणि आता बोलायला लागली तर काय, कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, वळणाची त्रिज्या. मी आमटीवर झाकण ठेवायची आणि ऐकत बसायची.

"एचओला अठरा इंच तरी धर. त्याच्या आत आलीस की लांब डबे घसरणार... हो, एनला नऊ-दहात भागतं. तेच म्हणतोय मी, अजून नक्की नाही. तू पुन्हा जाऊन बघ. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः पट्टी लाव."

पाऊण तास. एकदा तर घड्याळ लावून पाहिलं, एक तास दहा मिनिटं. आमटी दोनदा गरम केली मी.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. आम्ही साताऱ्यात राहायचो, हे मोजणीखात्यातून रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. सर्व्हेअर होते. बांधावरून भांडणारे सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असायचे, हे मधे जाऊन टेप लावायचे, नकाशा उघडायचे आणि सांगायचे, दगड इथे बसेल. बसायचा. तीस वर्षांत ह्यांनी एकदा लावलेला दगड उकरून दुसरीकडे लावला असं झालं नाही. अशा माणसाला खेळण्यातल्या रेल्वेचं माप ठरवायला सात महिने लागले, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. इतकी मी शहाणी.

खेळण्यातली म्हटलेलं ह्यांना खपायचं नाही. "मॉडेल म्हण," म्हणायचे. रेल्वेचं वेड लहानपणापासूनचं. चारू शाळेत असताना रविवारी तिला लुनावर बसवून माहुलीच्या स्टेशनावर घेऊन जायचे, मालगाडीचे डबे मोजायला. परत आले की दोघांत वाद, त्रेचाळीस की चव्वेचाळीस. मला कधी नेलं नाही. मी म्हणाले असते तर नेलं असतं, पण मी कशाला म्हणते.

आता माझी एक खोड सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कुणाला नाही म्हणायचं असलं की मी ह्यांचं नाव पुढे करायची. वर्गणीवाले आले, "ह्यांना विचारून सांगते." नणंदेनं लग्नासाठी पाटल्या मागितल्या, "माझं काही नाही हो, ह्यांना आवडत नाही दागिने बाहेर गेलेले." दुधवाल्याला सुद्धा, "ह्यांनी सांगितलंय, उद्यापासून पाणी घातलंस तर बंद." ह्या बिचाऱ्यांना दूध कोण घालतं तेही माहीत नव्हतं. आमच्या वेळच्या बायका सगळ्या असंच बोलायच्या. माझी आई बोलायची, सासू बोलायची. वाईटपणा पुरुषाच्या खाती आणि आपण नामानिराळ्या. एकदा ह्यांच्या कानावर गेलं तर हसले नुसते. म्हणाले, "गावात मी फार कडक माणूस आहे म्हणे."

तर, चारूचं. पुण्यात नोकरीला असताना तिनं बिजूशी लग्न ठरवलं. बिजू तिच्याच कंपनीतला, केरळचा, ख्रिश्चन. मुलगा शांत, दोनदा घरी येऊन गेलेला, तेव्हा मित्र म्हणून. घरातून नकार गेला. त्यांनी कोर्टात सह्या केल्या, आमच्याकडचं कोणी गेलं नाही, आणि वर्षाच्या आत दोघं जर्मनीला निघून गेली. तिथून फोन यायचा तो मला, बुधवारी सकाळी, हे वाचनालयात गेले की. "बाबा बरे आहेत ना?" एवढं ती विचारायची. हे तर नावही काढायचे नाहीत. नात झाली तिचे फोटो आले, ते ह्यांनी चष्मा लावून पाहिले, पुन्हा पाहिले आणि टीव्हीवर नीट उभे करून ठेवले. 

मग त्या मार्चमध्ये एका बुधवारी ह्यांना कणकण आली म्हणून वाचनालयात गेले नाहीत. मी आंघोळीला. फोन वाजला तो ह्यांनीच घेतला. मी ओलेत्या केसांनी बाहेर आले तर हे रिसीव्हर कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभे. दोघंही गप्प असणार, कारण बराच वेळ काही ऐकूच येईना. मला वाटलं, आता ठेवतील. तेवढ्यात हे म्हणाले, "कोणत्या मापाची?"

नंतर कळलं ते असं. काय बोलावं सुचेना म्हणून ती म्हणाली होती, बाबा, आमच्याकडे बाजारात मॉडेलच्या रेल्वे मिळतात, अगदी खऱ्यासारख्या, तुम्हाला पाठवू का. आणि सर्व्हेअर माणूस, माप विचारणारच. तिला कुठलं माहीत असायला. म्हणाली, विचारून सांगते. आणि रविवारी दीडला पुन्हा फोन आला, ह्यांच्यासाठी. दोन मापं आहेत बाबा, एक एचओ म्हणतात, एक एन.

त्या दिवशी हे जेवायला बसले आणि मला समजावून सांगायला लागले. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशी पट लहान. एन एकशे साठ पट लहान. एचओचा एक डबा वीतभर, एनचा त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. एचओ घ्यायची तर आठ फूट बाय चार फुटांचा फळा लागेल. एन घ्यायची तर टीपॉयएवढ्या जागेत काम होतं.

"मग एन घ्या," मी म्हणाले. "आठ बाय चार ठेवणार कुठे?"

"चारूच्या खोलीत."

"आणि तिची कॉट?"

हे भात कालवत राहिले. त्या कॉटवर पाच वर्षं कोणी झोपलं नव्हतं. चादर मात्र मी दर महिन्याला बदलायची.

मग सुरू झालं आमच्याकडे रेल्वेचं पर्व. ग्राफपेपर आले, कोनमापक आलं, माळ्यावरची ऑफिसची पेटी खाली आली. चारूनं जर्मन कॅटलॉग पाठवला, तो हे डिक्शनरी घेऊन वाचायचे. महिपती सुताराला बोलावलं, आठ बाय चारचा फळा सांगितला. आठवड्यानं तो लाकूड घेऊन आला तर हे म्हणाले, थांब, चार बाय अडीचचा करू. पुन्हा आला तर म्हणे, आठ बाय चारच बरा वाटतोय, पण अजून कापू नकोस.

"वहिनी, साहेबांचं नक्की काय म्हनायचं?" महिपती मला स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारायला लागला. "माझं प्लायवूड पावसानं फुगंल."

"ह्यांनी सांगितलंय, पुढच्या सोमवारी या," मी आपली नेहमीसारखी.

एकदा मी चिडलेच. म्हटलं, "हौसेचं काम आहे ना? मग एवढा घोळ कशाला? एन घ्या नि मोकळे व्हा."

"एनमध्ये माणूस हरभऱ्याच्या दाण्याएवढा होतो गं. फलाटावर कोण उभं आहे, कळत नाही."

"मग एचओ घ्या."

"एचओत खोलीभर एकच स्टेशन मावतं. गाडी सुटते आणि फिरून त्याच स्टेशनात परत येते. तिला जायला दुसरं गाव नको?"

"मग दोन्ही घ्या, नाहीतर एकही घेऊ नका."

ह्यावर हे हसले आणि पेन्सिलीला टोक करायला लागले. असा राग आला होता मला. ह्यांना हसायला काय जातंय. एप्रिलपासून चारू प्रत्येक फोनच्या शेवटी एक वाक्य मला म्हणत होती, आणि ते वाक्य मी उशाशी घेऊन झोपत होते. ती म्हणायची, "आई, बाबांचं एकदा ठरू दे. मी स्वतः घेऊन येते. एवढी नाजूक वस्तू कुरिअरनं नाही पाठवणार."

स्वतः घेऊन येते. म्हणजे ती येणार होती. बिजू येणार, नात येणार. नात तीन वर्षांची झाली होती आणि तिच्या अंगाला वास कसला येतो ते मला माहीत नव्हतं. आणि हे सगळं अडून बसलं होतं कशाशी, तर ह्यांच्या पेन्सिलीशी. मे गेला. गणपती गेले. दिवाळीची सुट्टी आता मागायला हवी, असं ती ऑगस्टच्या शेवटी म्हणाली, आणि त्याच रविवारी हे तिला सांगत होते, "पूल एचओचा छान दिसतो, पण बोगदा एनचा. तू काय म्हणतेस?" ती काहीतरी म्हणाली आणि हे खोखो हसले. कितीतरी वर्षांनी तसे हसले. मी तिथे बसून मनात म्हटलं, हसा, लेक दाराशी आलीय आणि तुम्ही बोगदा बघा.

सप्टेंबरात एका रविवारी ह्यांना कऱ्हाडला जावं लागलं, जुन्या सहकाऱ्याच्या घरी, दुःखाचं भेटायला. निघताना तीनदा सांगून गेले, "चारूला सांग, मी नाहीये. पुढच्या रविवारी बोलू. आणि तिला म्हणावं, पुलाचं बघून ठेव."

दीडला फोन आला.

"आई? बाबा कुठेत?"

"कऱ्हाडला गेलेत." आणि मग मला काय झालं कोण जाणे. खरं तर मला चांगलं माहीत आहे काय झालं. जीभ सवयीनं वळली. "पण तुझ्यासाठी निरोप ठेवलाय. एन पाठव म्हणाले. ठरलं."

एनच का, तर लहान असते. बॅगेत मावेल, आणायला जड नाही, म्हणजे सबब उरणार नाही. आणि कॉट हलवावी लागणार नाही, ती आली की तिला तिची कॉट मिळेल. एवढा सगळा हिशेब त्या एका श्वासात झाला माझा.

"ठरलं?" ती म्हणाली. "बाबा असं म्हणाले?"

तिच्या आवाजात काहीतरी होतं, ते मला ऐकू आलं नाही असं नाही. पण मला वाटलं, विश्वास बसत नाहीये बिचारीचा. म्हणून मी आणखी पक्कं केलं. "हो गं. कंटाळले आता. म्हणाले, संपवून टाका एकदाचं ते रेल्वेचं."

पलीकडे काही नाही. मला वाटलं लाइन गेली.

"चारू?"

"हं. आहे. बरं."

"मग दिवाळीला येतेस ना?"

"बघते, आई," ती म्हणाली.

हे संध्याकाळी आले. चप्पल काढता काढता विचारलं, "आला होता फोन?" मी म्हटलं, आला होता, बरी आहे. पुलाचं सांगितलंस? सांगितलं. असा मी खोट्यावर खोटं रचत गेले, आणि मनात उकळ्या फुटत होत्या, की आता ती येतेच.

पुढच्या रविवारी दीडला हे पानावर बसले. पावणेदोन झाले, दोन झाले. हे जेवले नाहीत, भाताभोवती आमटीचं तळं करत बसले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. म्हणाले, "नात आजारी असेल." तिसऱ्या रविवारी ह्यांनी स्वतः रिसीव्हर उचलून पाहिला, सूर येतोय ना म्हणून. आणि चौथ्या आठवड्यात पुण्याहून एक गृहस्थ आले, चारूच्या जर्मनीतल्या ऑफिसातले, सुट्टीत आपल्या आईवडिलांना भेटायला आलेले. चहा घेतला, एक खोकं ठेवलं आणि गेले. खोक्यात एन. इंजिन, चार डबे, रुळांचे तुकडे, सगळं कापसात गुंडाळून. चिठ्ठीत एवढंच, 'बाबा, तुम्ही म्हणालात त्याप्रमाणे. रजा मिळत नाही. चारू.'

ह्यांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, पुन्हा उघडून वाचली. "मी म्हणालो त्याप्रमाणे," म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाणी प्यायला आत गेले.

टीपॉयवर रूळ जोडले, वायर लावली. इतकी सुबक गाडी, इवल्या खिडक्या, आत इवले दिवे. तिनं एक फेरी घेतली. ह्यांनी बटण बंद केलं आणि बातम्या वाचल्यासारखं म्हणाले, "चांगली आहे."

त्यानंतर रविवारचा फोन यायचा, पण कधीमधी, आणि माझ्याशी. मी मुद्दाम ह्यांच्या हातात द्यायची. हे म्हणायचे, "बरी आहेस? थंडी पडली का? हं. घे, आईशी बोल." अर्धं मिनिटसुद्धा नाही. दिवाळीला आम्ही दोघांनी चकल्या खाल्ल्या. महिपती आला, त्याला हे म्हणाले, "ते प्लायवूड दुसऱ्या कुणाला लागलं तर देऊन टाक बाबा."

दिवाळी झाल्यावर मी रेशनकार्ड शोधत होते. ह्यांच्या खणात ते सापडेना, म्हणून खालची फाइल काढली, तर तीत ग्राफपेपरची गुंडाळी. उलगडली. आठ बाय चारचा फळा, एक स्टेशन, पूल, वळणाची त्रिज्या अठरा इंच, खोलीचं दार, खिडकी, आणि कॉट जिथे होती तिथे तुटक रेघ. सगळं काळ्या शाईत. आता मोजणी पक्की झाल्याशिवाय हे शाईला हात लावत नाहीत, हे मला तीस वर्षं माहीत. आणि नकाशा पुरा झाला की कोपऱ्यात सही आणि तारीख टाकतात. ती होती. नऊ मार्च.

नऊ मार्च म्हणजे पहिला रविवार. ज्या दिवशी ती म्हणाली दोन मापं आहेत, त्याच दिवशी संध्याकाळी ह्यांचं ठरून, शाईत रेखून, सही होऊन ते खणात गेलं होतं. मग सात महिने काय चाललं होतं, तो पूल, तो बोगदा, महिपतीचं फुगणारं प्लायवूड? मी फरशीवर बसले. गुडघे इतके दुखायचे तेव्हा, तरी बसले. मला वाटत होतं, लेक येईल कशी ते मलाच कळतं. ह्यांना कळलं होतं, की ठरलं की संपलं. येईल न येईल, पण रविवारी दीडला तिचा आवाज येतोय ना, मग कशाला ठरवायचं. आणि मी ह्यांच्या तोंडानं म्हणाले, संपवून टाका एकदाचं.

रविवार यायला चार दिवस होते. ते कसेबसे काढले आणि दीड वाजता मी स्वतः जर्मनीचा नंबर फिरवला. हे समोर खुर्चीत पेपर घेऊन होते. मुद्दाम त्यांच्या देखत केला.

"चारू," मी म्हणाले, "बाबा एन म्हणाले नव्हते. मी म्हणाले."

 समोर पेपर खाली आला.

"आणि संपवून टाका एकदाचं?"

"तेही मीच. त्यांनी उलट सांगितलं होतं, पुलाचं बघून ठेव म्हणून. तू यावीस म्हणून म्हणाले गं मी. मला वाटलं, ठरलं की येशील."

ती अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं त्यांना माझा कंटाळा आला. मी सहा महिने दोन्ही गाड्या आणून ठेवल्या होत्या, आई. कपाटावर. मुद्दाम सांगत नव्हते."

मला रडू यायला लागलं. वाटलं, झालं, सांगून झालं, सुटले. तर ती म्हणाली, "आणि तेव्हा?"

"तेव्हा म्हणजे?"

"लग्नाच्या वेळी. तू फोनवर म्हणालीस, बाबांनी सांगितलंय, ह्या लग्नाला आमच्यातलं कोणी येणार नाही, आणि पुन्हा ह्या घरात पाऊल ठेवू नकोस. ते तरी बाबा म्हणाले होते का?"

आता सांगते. हे काहीच म्हणाले नव्हते. ह्यांना विचारलंच कुठे होतं मी. मला नको होता बिजू. मला जावेची भीती, भावाची भीती, हळदीकुंकवाला बायका काय विचारतील त्याची भीती. मी लेकीला सांगितलं, ह्यांनी सांगितलंय, येऊ नकोस. आणि ह्यांना सांगितलं, चारू म्हणते, तुम्ही येऊ नका, आम्ही दोघं सह्या करून मोकळे होणार. ह्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट पुन्हा कपाटात ठेवला होता. मी तेही पाहिलं होतं.

"आई, बोल ना," चारू म्हणाली.

 एकाची कबुली दिली होती, दुसरी देण्याएवढी मी धीराची नव्हते. समोरून हे उठले. माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि हात पुढे केला. मी रिसीव्हर दिला. तिनं ह्यांनाही तेच विचारलं असणार, कारण हे आधी नुसतं ऐकत राहिले.

मग म्हणाले, "हो. मीच म्हणालो होतो."

मी पदर तोंडाशी धरला.

"नाही, आईनं वाढवून नाही सांगितलं. मीच तसं म्हणालो होतो... रागात म्हणतो माणूस. चुकलं माझं, चारू. मोठी चूक झाली. मला माफ कर, बाळा." ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा इंचभर बांध खाल्ला नाही, तो माणूस न केलेल्या गोष्टीची माफी मागत होता, आणि त्याचा आवाज जरासुद्धा हलत नव्हता. पलीकडे ती रडत रडत कपाटावरच्या गाड्यांचं सांगत असावी. हे थांबून राहिले. मग म्हणाले, "ती दुसरी अजून आहे का कपाटावर? असू दे. घाई नाही. पुलाचं काय बघितलंस तू?"

तास झाला. फोन ठेवून हे पानावर येऊन बसले. "मे महिन्यात येतायत. तिघंही," म्हणाले. "वाढ."

मी वाढलं. भात पानाबाहेर सांडला. शेवटी विचारलंच, "असं का बोललात तुम्ही?"

"माझ्यावर रागवायची तिला पाच वर्षांची सवय आहे," हे म्हणाले. "तुझ्यावर आता नव्यानं कुठे रागवत बसेल? आमटी वाढ."

बस, एवढंच. ओरडले नाहीत, टाकून बोलले नाहीत. ह्यांना ते त्या दिवशी कळलं की आधीपासून अंदाज होता, हे विचारायचं धाडस मला पुढची पाच वर्षं झालं नाही.

मे महिन्यात ती आली, एचओ मांडीवर घेऊन, विमानात सुद्धा खाली ठेवली नाही म्हणे. कॉट वरच्या मजल्यावरच्यांना दिली. खोली रुळांनी भरली, आणि चारू आणि बिजू महिनाभर हॉलमध्ये खाली गादी टाकून झोपली, नातीला मध्ये घेऊन. दरवर्षी येत राहिली. चारू सगळ्यांना सांगायची, "माझ्या बाबांनी माझी माफी मागितली होती. कुठला बाप मागतो?" हे तिथेच असले तर चष्मा पुसायला लागायचे. मी स्वयंपाकघरात जायची.

दोन हजार तेरा साली हे गेले. झोपेतच गेले. दिवस झाले, माणसं पांगली, आणि चारू आणि मी ह्यांच्या कपड्यांच्या घड्या घालत बसलो होतो, कुणाला काय द्यायचं ते ठरवत.

"एक राहूनच गेलं," ती म्हणाली. "बिजूमध्ये त्यांना तेव्हा काय खटकलं होतं? नंतर किती जीव लावला त्याला. विचारायचं होतं मला. तुला कधी बोलले?"

"काही खटकलं नव्हतं."

"असं म्हणाले?"

मी हातातला शर्ट खाली ठेवला. हो म्हणाले असते तर चाललं असतं. एवढी वर्षं चाललंच होतं.

"नाही," मी म्हणाले. "त्यांना मी विचारलंच नव्हतं. नको मी म्हणाले होते. त्यांचं नाव मी घातलं, चारू."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "पण फोनवर तर त्यांनी..."

"माझ्यासाठी."

 ह्यांचा शर्ट तिनं तोंडाशी धरला आणि ती रडायला लागली. तेरा दिवसांत पहिल्यांदा. ती ह्यांच्यासाठी रडत होती, माझ्याकडे तिची पाठ होती. मी शेजारी उभी राहिले, कितीतरी वेळ. त्या पाठीवर मी हात ठेवावा की ठेवू नये, मला काही कळेना, आणि विचारायला घरात हे नव्हते.